टोकियोतला देब्युसी

१९०५ साली पॅरिसमध्ये क्लोद देब्युसी यांच्या ‘ला मेर’ या समुद्रावरच्या वाद्यवृंदरचनेची स्वरलिपी छापून आली, तेव्हा तिच्या मुखपृष्ठावर एक उसळती लाट होती. ती होकुसाई या जपानी चित्रकाराच्या छापचित्रातून घेतलेली होती. त्याच्या सोळा वर्षं आधी, १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात, देब्युसींनी जावा बेटावरून आलेल्या वादकांचं गॅमेलान ऐकलं होतं, आणि त्या घणघणत्या, थरांवर थर चढवत जाणाऱ्या नादाचा ठसा त्यांच्या पियानोवर कायमचा उमटला होता. पुढे १९६० च्या दशकात टोकियोतल्या एका शाळकरी मुलाने देब्युसींचं स्ट्रिंग क्वार्टेट ऐकलं. तो असा झपाटला, की आपण देब्युसींचाच पुनर्जन्म आहोत असं त्याला वाटू लागलं. वहीच्या पानांवर तो देब्युसींची सही गिरवत बसे. हा मुलगा म्हणजे ऱ्युइची साकामोतो (१९५२–२०२३). पुढे तो जपानमधल्या सर्वांत गाजलेल्या इलेक्ट्रॉनिक बँडचा सभासद झाला, चित्रपटसंगीतासाठी ऑस्कर मिळवणारा पहिला जपानी संगीतकार झाला, आणि आयुष्याच्या अखेरीला जवळजवळ एकट्या पियानोवर येऊन थांबला. साकामोतो यांच्याविषयी जे काही लिहिलं जातं त्यात ‘पूर्व आणि पश्चिम यांचा संगम’ हे शब्द हटकून येतात. पण संगमासाठी दोन नद्या आधी वेगळ्या वाहत असाव्या लागतात. साकामोतो यांच्या वाट्याला जो युरोप आला त्यात आशिया आधीच मुरलेला होता, आणि ज्या जपानमध्ये ते वाढले त्यात युरोप. दोन शुद्ध परंपरा जोडण्याचं काम त्यांनी कधी केलंच नाही. त्या शुद्ध आहेत यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि त्यांच्या संगीताचं मोठेपण या अविश्वासातून आलं, हे मला या प्रकरणात दाखवायचं आहे.

आधी जपानची बाजू पाहू. मेजी राजवटीने देशाचं आधुनिकीकरण हाती घेतलं, तेव्हा रेल्वे आणि तारायंत्राइतकंच संगीतही सरकारी कार्यक्रमाचा भाग होतं. १८७९ मध्ये शिक्षण खात्यात संगीताच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र विभाग निघाला. इसावा शूजी त्याचे प्रमुख होते, आणि त्यांच्या मदतीला पुढच्याच वर्षी बोस्टनहून ल्यूथर व्हायटिंग मेसन हे संगीतशिक्षक आले. शाळांसाठी गीतसंग्रह तयार झाले आणि त्यांत जपानी शब्द युरोपीय चालींवर बसवले गेले. ‘ऑल्ड लँग साइन’ ही स्कॉटलंडची चाल अशीच जपानी शाळेत शिरली आणि तिथे कायमची राहिली. पिढ्यान्‌पिढ्या जपानी मुलं शाळेचा निरोप घेताना तीच गात आली, आणि त्यांच्या कानाला ती परकी वाटत नाही. जपानच्या राष्ट्रगीताची चाल दरबारी संगीतकारांची, पण १८८० मध्ये तिला पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी स्वरसंगतीची जोड दिली ती फ्रान्झ एकर्ट या जर्मन बँडप्रमुखाने. हामामात्सू गावात तोराकुसू यामाहा यांनी १८८७ मध्ये शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला आणि १९०० मध्ये यामाहा कारखान्यातून पियानो बाहेर पडला. त्या सरकारी विभागाची १८८७ मध्ये टोकियो संगीतशाळा झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती टोकियोच्या कलाविद्यापीठात विलीन झाली. साकामोतो शिकले ते याच विद्यापीठात. म्हणजे त्यांच्या जन्माच्या वेळी पियानो जपानमध्ये तीन पिढ्या जुना झाला होता. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला तो ‘पाश्चात्त्य वाद्य’ म्हणून भेटला नाही. तो शाळेतल्या फळ्यासारखा नेहमीचा होता.

यावर कुणी म्हणेल, की वाद्य कुठलंही असो, सूर तर जपानी राहू शकतात. पंचस्वरी चाल कानावर पडली की पूर्वेचा भास होतोच. हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. मेजी काळात शाळकरी गाण्यांसाठी जी स्वरमालिका रूढ झाली ती युरोपीय मेजर सप्तकातला चौथा आणि सातवा स्वर गाळून तयार झाली. उरले सा, रे, ग, प आणि ध. आपल्या कानाला हे भूपाचे स्वर. ‘ऑल्ड लँग साइन’ची चालही याच पाच स्वरांत फिरते, म्हणून तर ती जपानमध्ये इतकी सहज रुजली. कोतो आणि शामिसेन या तंतुवाद्यांच्या जुन्या शहरी संगीतातली दुसरी मालिका सा, कोमल रे, शुद्ध म, प, कोमल ध अशी आहे. ती ऐकताना आपल्याला गुणकली आठवेल. पण स्वर तेच असले म्हणून राग होत नाही, हे मराठी रसिकाला सांगायला नको. चलन, न्यास, कणस्वर, कुठे थांबायचं आणि कुठे नुसतं स्पर्शून जायचं, यावर रागाचं रूप ठरतं. तसंच पाच स्वर वाजले म्हणून संगीत जपानी होत नाही. ते स्कॉटिश, जावानीज किंवा चिनीही असू शकतं. साकामोतो यांना हे अभ्यासातून नीट कळलेलं होतं. विद्यापीठात त्यांनी फुमिओ कोइझुमी यांच्याकडे लोकसंगीतशास्त्राचे धडे घेतले. कोइझुमी भारतात येऊन इथलं शास्त्रीय संगीत अभ्यासून गेलेले. जपानी स्वरमालिकांचं वर्गीकरण त्यांनी चार स्वरांच्या गटांवरून, त्या गटातले कोणते स्वर खुंटीसारखे स्थिर आणि कोणते हलते यावरून केलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्याला ‘जपानी सूर’ नावाची एकच एक गोष्ट आहे असं वाटणं शक्य नव्हतं.

त्या वयात तर त्यांना जपानीपणाचा उघड रागच होता. वडील काझुकी साकामोतो साहित्याचे नामवंत संपादक. युकिओ मिशिमा यांच्या पहिल्या गाजलेल्या कादंबरीचं संपादन त्यांचं. मुलाने मात्र वाढत्या वयात बाख, देब्युसी आणि बीटल्स यांच्यावर जीव लावला आणि विद्यार्थी चळवळीच्या धगीत डाव्या विचारांकडे ओढ घेतली. तोरू ताकेमित्सु हे तेव्हा जपानचे सर्वांत मान्यवर संगीतकार. १९६७ मध्ये त्यांच्या ‘नोव्हेंबर स्टेप्स’ या रचनेत बिवा आणि शाकुहाची ही जपानी वाद्यं न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदासमोर सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली वाजली, तेव्हा सगळ्या संगीतविश्वाने दखल घेतली होती. विद्यार्थी साकामोतोंनी ताकेमित्सुंच्या मैफलीबाहेर त्यांच्याविरुद्ध पत्रकं वाटली. पारंपरिक वाद्यांचा असा वापर म्हणजे राष्ट्रवादाकडे मागे वळणं, असा त्यांचा आरोप होता. ताकेमित्सु स्वतः बाहेर येऊन या पोराशी बोलले, आणि पुढे दोघांचे संबंध सुधारले. आरोप ताकेमित्सुंवर अन्याय करणारा होता. त्यांनीही देब्युसींनाच गुरू मानलं होतं, आणि ‘नोव्हेंबर स्टेप्स’मध्ये दोन परंपरा एकमेकींत विरघळत नाहीत, त्या समोरासमोर, आपापल्या जागी ठाम उभ्या राहतात. पण त्या पत्रकामागची शंका खरी होती आणि ती साकामोतोंना आयुष्यभर पुरली. आपल्या संगीतात जपान दाखवायचा, तर तो कुणासाठी?

या प्रश्नाला १९७८ मध्ये मिळालेलं पहिलं उत्तर गमतीचं आणि धारदार होतं. हारुओमी होसोनो आणि युकिहिरो ताकाहाशी यांच्यासह साकामोतोंनी ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. पहिल्याच अल्बममध्ये त्यांनी ‘फायरक्रॅकर’ ही मार्टिन डेनी या अमेरिकन संगीतकाराची रचना घेतली. डेनी हवाईतल्या हॉटेलांतून पर्यटकांसाठी ‘पूर्वेकडचं’ म्हणून जे संगीत वाजवत, त्यात पक्ष्यांचे आवाज, बांबूची वाद्यं, घंटा असा सगळा मसाला असे. खरा आशिया त्यात शोधूनही सापडला नसता. तीन जपानी तरुणांनी ती कल्पित पूर्व सिंथेसायझरवर आणि जपानी बनावटीच्या संगणकी सीक्वेन्सरवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवली. पश्चिमेने आशियाचं जे चित्र रंगवलं होतं तेच त्यांनी नव्या यंत्रातून काढून पश्चिमेला परत पाठवलं, आणि पश्चिमेने ते नाचून साजरं केलं. साकामोतोंनी इथे एक गोष्ट हेरली : ‘जपानी आवाज’ हा बऱ्याचदा दुसऱ्याच्या कानात तयार झालेला असतो, आणि म्हणून तो सुटा करून, उलटा करून, पुन्हा बांधता येतो.

या हेरण्याचं सोनं झालं ते १९८३ मध्ये. दिग्दर्शक नागिसा ओशिमा यांनी ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’ या चित्रपटात त्यांना कॅप्टन योनोई या छावणीप्रमुखाची भूमिका देऊ केली, तेव्हा संगीतही मलाच करू द्या, अशी मागणी त्यांनी पुढे केली. चित्रपटसंगीताचा अनुभव शून्य होता. समोर कैदी म्हणून डेव्हिड बोवी, काळ १९४२, स्थळ जपानी सैन्याने ताब्यात घेतलेलं जावा. जपानी अधिकारी, ब्रिटिश कैदी आणि इंडोनेशियाची भूमी अशा गोष्टीला कुणाचं संगीत द्यायचं? साकामोतोंना असा नाद हवा होता, जो पाश्चात्त्य प्रेक्षकाला परका वाटेल आणि जपानी प्रेक्षकालाही परकाच वाटेल. मुख्य धून ऐकली की हे कसं साधलं ते उलगडतं. वरची चाल बहुतांशी पाच स्वरांची, छोटी, स्वतःभोवती घुटमळणारी. ती एकटी गुणगुणली तर लहान मुलांचं गाणं वाटावं इतकी सरळ. खालच्या स्वरसंगती मात्र तिला एका जागी टेकू देत नाहीत. सुरुवातच मूळ आधारस्वरावर होत नाही, आणि एकेका स्वरसंगतीत नेहमीच्या तीन स्वरांशेजारी आणखी एक स्वर खेटून बसलेला असतो, त्यामुळे तिच्या कडा धूसर होतात. आपल्याकडे तानपुरा षड्ज धरून ठेवतो आणि प्रत्येक स्वराचं त्याच्याशी नातं ठरतं. इथे पाच स्वर तेच राहतात आणि त्यांच्याखालचा षड्जच सरकत राहतो. एकच चाल क्षणात मेजर, क्षणात मायनर भासते. स्वरसंगतीला पुढच्या स्वरसंगतीकडे धावत जाण्याच्या सक्तीतून मोकळं करायचं हे देब्युसींचं तंत्र. त्यावर सिंथेसायझरमधून घंटांसारखा, धातूचा नाद येतो आणि जावाच्या गॅमेलानची आठवण करून देतो. ज्या जावाने १८८९ मध्ये देब्युसींना ऐकायला शिकवलं, त्याच जावात घडणाऱ्या कथेला देब्युसींचा टोकियोतला शागीर्द संगीत देत होता. यात जपानी काय आणि युरोपीय काय, हे वेगळं काढायला बसलं तर हाताला काहीच लागत नाही. या संगीताला ब्रिटनचा बाफ्ता पुरस्कार मिळाला, आणि पियानोवर ती धून साकामोतो शेवटच्या मैफलीपर्यंत वाजवत राहिले.

आता या मांडणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप घेऊ. दोन्हीकडच्या कानांना परकं वाटणारं संगीत करणं म्हणजे परकेपणाचाच व्यापार नाही का? १९८७ चा ‘द लास्ट एम्परर’ घ्या. इटालियन दिग्दर्शक बेर्नार्दो बेर्तोलुच्ची, कथा चीनच्या शेवटच्या सम्राटाची, तीत जपानने मांचुरियात उभं केलेलं कठपुतळी राज्य, आणि त्या राज्यातला आमाकासू हा जपानी अधिकारी साकारणारे साकामोतोच संगीत देणाऱ्यांपैकी एक. आक्रमक देशाचा संगीतकार बळी पडलेल्या देशाच्या वाद्यांना पाश्चात्त्य चित्रपटासाठी हात घालतो, हे चित्र अस्वस्थ करणारं आहे, आणि ही अस्वस्थता झटकून टाकू नये. पण ऐकताना लक्षात येतं, की एऱ्हू या चिनी तंतुवाद्याला इथे सजावटीपुरतं बोलावलेलं नाही. मोठ्या युरोपीय तंतुवाद्यवृंदाच्या बरोबरीने ते धून पेलतं. शिवाय श्रेय तिघांचं होतं : साकामोतो, अमेरिकेचे डेव्हिड बर्न आणि चीनचे त्सोंग सू. १९८८ चा ऑस्करही तिघांनाच मिळाला. तेव्हा इथे मी साकामोतोंच्या बाजूने कौल देईन. ‘निओ जिओ’ या १९८७ च्याच अल्बमच्या बाबतीत मात्र आक्षेप मान्य करावा लागतो. त्यात ओकिनावाच्या गायिकांचे आवाज फंकच्या ठेक्यावर बसवले आहेत. ओकिनावा म्हणजे जुनं ऱ्युक्यू राज्य. टोकियोने ते १८७९ मध्ये, म्हणजे संगीताचा तो सरकारी विभाग काढला त्याच वर्षी, खालसा केलं. तिथली भाषा वेगळी, स्वरमालिका वेगळी. टोकियोच्या संगीतकाराने ओकिनावाला ‘आपल्या’ पूर्वेचा रंग म्हणून वापरणं हे पॅरिसने टोकियोला वापरण्यापेक्षा फारसं निराळं नाही, आणि त्या अल्बममध्ये ते आवाज ठेक्याच्या वर तरंगत राहतात, आत उतरत नाहीत. पुढच्या ‘ब्यूटी’मध्ये ओकिनावाच्या गाण्यांना अधिक मोकळी जागा मिळाली आहे, तरी साकामोतोंच्या कामातला हा भाग मला सर्वांत कच्चा वाटतो. आणि त्याने माझ्या म्हणण्याला बळच मिळतं. ‘जपानी प्रभाव’ हे शब्द उच्चारताना त्या जपानच्या आत किती जपान दडलेले आहेत, हे स्वतः साकामोतोही कधीकधी विसरले.

दुसरा आक्षेप गांभीर्याचा. ताकेमित्सुंच्या शेजारी साकामोतो हलके वाटतात, जाहिराती आणि चित्रपटांसाठी गोड धुना करणारे वाटतात, असं म्हणणारे जाणकार आहेत. १९९९ मध्ये एका शक्तिवर्धक उत्पादनाच्या जाहिरातीसाठी केलेला ‘एनर्जी फ्लो’ हा एकट्या पियानोचा तुकडा जपानच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. शब्दांविना कुठली रचना तिथे पोचण्याची ती पहिलीच वेळ. एवढी लोकप्रियता गंभीर संगीताच्या दरबारात संशयास्पद ठरते. मला हा आक्षेप मापदंडातच चुकलेला वाटतो. एरिक सातीच्या संगीतावरही साधेपणाचा असाच आरोप होता, आणि देब्युसींनी त्याच सातींच्या ‘जिम्नोपेदी’तल्या दोन रचना वाद्यवृंदासाठी बसवून दिल्या होत्या. साधी चाल आणि तिच्याखाली अस्थिर जमीन हे साकामोतोंचं तंत्र ‘एनर्जी फ्लो’तही आहे, ‘१९९६’ या पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्या अल्बममध्ये तर ठळकच आहे. लहानपणी डावखुऱ्या साकामोतोंना बाख आवडले, कारण बाखच्या पियानोत डावा हात नुसता साथीला बसत नाही, त्यालाही चाल असते. त्यांच्या स्वतःच्या रचना ऐकताना उजव्या हाताच्या धुनेवरून लक्ष काढून डाव्या हाताकडे वळवावं. गोडवा वर असतो, विचार खाली चाललेला असतो.

पण साकामोतोंची खरी झेप मला त्यांच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत दिसते. इथे प्रश्न कुठले स्वर वाजवायचे हा राहिलाच नाही. एका स्वराचं काय होतं, हा झाला. पियानोची मर्यादा सर्वांना ठाऊक आहे : हातोडी तारेवर आपटली की वादकाचा अधिकार संपला. आवाज त्या क्षणापासून विरत जातो. त्याला फुगवता येत नाही, वाकवता येत नाही, मींड घेता येत नाही. साकामोतो म्हणत, की न विरणाऱ्या, सतत टिकणाऱ्या स्वराची आपल्याला ओढ आहे, म्हणजे पियानोच्या नेमक्या उलट गोष्टीची. म्हणून त्यांनी कार्स्टन निकोलाय, ऊर्फ अल्वा नोतो, या जर्मन कलाकाराबरोबर ‘व्ह्रिऊन’ (२००२), ‘इनसेन’ (२००५) असे अल्बम केले. त्यांत पियानोचा एखादा स्वर विरू लागतो तोच संगणकातला शुद्ध कंप, टिचक्या आणि गुंजन त्याची शेपटी धरून पुढे नेतात. आणि म्हणूनच, ज्या पारंपरिक वाद्यांवरून त्यांनी तरुणपणी पत्रकं वाटली, तशाच एका वाद्याकडे ते वळले. शो हे जपानी दरबारी संगीतातलं तोंडाने वाजवायचं वाद्य. बांबूच्या सतरा नळ्या, त्यांतल्या दोन मुक्या. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ते वाजतं, त्यामुळे आवाज तुटत नाही. त्याच्या ठरलेल्या अकरा स्वरसंगती आहेत आणि बहुतेकांत पाच-सहा स्वर एकमेकांना खेटून उभे असतात. देब्युसींच्या धूसर स्वरसंगती ऐकून तयार झालेल्या कानाला शो ओळखीचा वाटला तर नवल नाही.

इथे ‘अखेर साकामोतो आपल्या मातीत परतले’ असं लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळायला हवा. शो हे वाद्यच चीनहून, सुमारे आठव्या शतकात, जपानमध्ये आलं. दरबारी संगीताचा मोठा भाग चीन आणि कोरियातून आलेला आहे. ७५२ मध्ये नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला आणि त्या सोहळ्यात आशियातल्या निरनिराळ्या देशांचं संगीत वाजलं. माती म्हणून ज्याकडे बोट दाखवायचं तीही अशी ठिकठिकाणहून वाहून आलेली. तसंच त्यांच्या संथ, मोकळ्या जागा सोडणाऱ्या पियानोला जपानी शांततेचं लेबल लावणंही सोपं आहे. त्यावर रास्त उत्तर असं, की शांततेची ही शिकवण साकामोतोंनी अमेरिकेच्या जॉन केजकडूनही घेतलेली होती. हे खरंच आहे. पण केज स्वतः १९५० च्या सुमारास न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाइसेत्सू सुझुकी यांची झेनवरची व्याख्यानं ऐकत होता. मूळ शोधत मागे जाल तितका रस्ता पुन्हा समुद्र ओलांडतो. उसनं घेतल्याने परंपरा कमअस्सल होते, ही समजूत साकामोतोंच्या संगीतापुढे टिकत नाही. आणि ती जपानपुरतीच खोटी आहे असंही नाही.

११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर हा विचार एका वस्तूत मूर्त झाला. मियागी प्रांतातल्या नातोरी इथल्या कृषी शाळेचा ग्रँड पियानो समुद्राच्या पाण्यात बुडाला होता. काही तारा तुटल्या होत्या, काही पट्ट्या वर येत नव्हत्या, सूर उतरले होते. तो वाजवताना आधी साकामोतोंना प्रेताशी झोंबल्यासारखं वाटलं, पण हळूहळू त्यांचा कान बदलला. ग्रँड पियानोच्या तारांचा एकूण ताण सुमारे वीस टनांचा असतो. तो पेलायला ओतीव लोखंडाची चौकट लागते, लाकडाचे थर दाबून वाकवावे लागतात. औद्योगिक क्रांतीखेरीज हे वाद्य शक्यच नव्हतं. सप्तकाचे बारा सारखे भागही माणसाने ठरवले, आणि तार सैल पडू लागली की आपण म्हणतो पियानो बिघडला. साकामोतो म्हणू लागले, की लाकूड आणि लोखंड आपापल्या मूळ स्थितीकडे परतायला धडपडत असतात. लाटेने या पियानोला माणसाच्या मापातून सोडवलं. निसर्गाने तो पुन्हा लावून दिला. २०१७ च्या ‘असिंक’ या अल्बममध्ये त्याचा आवाज आहे, आणि शिरो ताकातानी यांच्याबरोबर केलेल्या एका मांडणीत जगभरच्या भूकंपांच्या नोंदींवरून त्याच्या पट्ट्या आपोआप वाजतात. हजारो माणसं गिळणाऱ्या लाटेला पियानो लावणारी म्हणणं क्रूर नाही का, असा प्रश्न उठतो आणि तो उठायलाच हवा. त्याचं उत्तर साकामोतोंच्या शब्दांत शोधू नये, त्यांच्या कामात शोधावं. आपत्तीग्रस्त भागातल्या शाळांची वाद्यं दुरुस्त करण्यासाठी उभ्या राहिलेल्या निधीत ते पुढे होते, आणि त्यातूनच पुढे तोहोकू यूथ ऑर्केस्ट्रा उभा राहिला. मुलांच्या हातात सुरात लावलेलीच वाद्यं जायला हवीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक पियानो त्यांनी तसाच ठेवला, कारण जे घडलं ते त्याच्या तारांत राहिलं होतं आणि ते पुसून टाकण्याचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटलं नाही.

पियानो ही युरोपीय यंत्रविद्येची मोठी कमाई आहे, आणि तिच्यावर संशय घेणारं सर्वांत प्रेमळ टीकाटिपण साकामोतोंनी पियानोवरच बसून केलं. तेही जपानच्या नावाने केलं नाही. ‘असिंक’मध्ये बाखची आठवण देणारी ऑर्गनची धून आहे, शामिसेन आहे, पावसाचा आवाज आहे, आणि यांपैकी कुणीही कुणाचा देश सांगत नाही. शिरो ताकातानींसह केलेला ‘टाइम’ हा त्यांचा शेवटचा रंगमंचीय प्रयोग २०२१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या हॉलंड फेस्टिवलमध्ये प्रथम झाला. नोह नाट्याच्या स्वप्नरचनेवर बेतलेल्या त्या प्रयोगात पाण्याने भरलेल्या मंचावरून मायुमी मियाता शो वाजवत चालत जातात आणि नर्तक मिन तानाका पाण्यातून वाट काढू पाहतो. तोवर साकामोतोंना दुसऱ्यांदा कर्करोगाने गाठलं होतं. पूर्ण मैफल एका दमात वाजवण्याची ताकद उरली नाही, तेव्हा २०२२ मध्ये त्यांनी टोकियोतल्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या स्टुडिओत रोज थोडं थोडं वाजवून वीस रचना ध्वनिचित्रमुद्रित केल्या. ‘ओपस’ नावाने त्याचा चित्रपट झाला. १७ जानेवारी २०२३ ला, एकाहत्तराव्या वाढदिवशी, ‘१२’ हा अल्बम आला. आजारपणातल्या रोजनिशीसारख्या बारा रचना, प्रत्येकीचं नाव म्हणजे ती मुद्रित केल्याची तारीख. २८ मार्चला ते गेले.

ज्यांनी साकामोतो अजून ऐकलेले नाहीत त्यांना बहुधा ‘मेरी ख्रिसमस’ची धूनच आधी सुचवली जाते. माझी विनंती आहे की क्रम उलटा ठेवा. ‘१२’पासून सुरुवात करा, मग ‘असिंक’, मग ‘इनसेन’, आणि १९८३ ची ती धून सगळ्यात शेवटी ऐका. ऐकताना यात जपान किती आणि युरोप किती हा हिशेब बाजूला ठेवा, डावा हात काय करतो आहे तेवढं मात्र सोडू नका.